शेवटचा आकडा दोन की पाच

ग्रंथपालांना इलेक्ट्रिक सायकल विकत घ्यायला चाळीस मिनिटं लागली. ती सायकलच आहे हे जगाकडून कबूल करून घ्यायला एकोणीस दिवस लागले. सायकल म्हणजे सायकल, त्यात कबूल काय करून घ्यायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी बारा कुटुंबांच्या इमारतीत दोन चाकांची नवी वस्तू कधी आणलेली नाही, एवढंच म्हणता येईल.

मुळात ही सायकल हौसेची नव्हती, इभ्रतीची होती. गेली चोवीस वर्षं ग्रंथपाल आपल्या लायब्ररीत बायकोच्या स्कूटरवर मागे बसून जात होते. ग्रंथपालीणबाई भूमिती शिकवत. त्यांची शाळा लायब्ररीच्या पुढे दोन चौक. त्यामुळे रोज सकाळी लायब्ररीच्या फाटकाशी स्कूटर थांबे, ग्रंथपाल एक पाय टाकून उतरत, आणि बाई खणखणीत आवाजात विचारत, "चष्मा घेतलात ना?" वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तो. वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसलेले आठ-दहा निवृत्त वाचक त्या वेळी एकदम मान वर करत आणि ग्रंथपाल चष्म्याचं घर वर धरून दाखवत. त्यानंतर दिवसभर याच वाचकांना "शांतता राखा" म्हणून दटावायचं. सांगा, काय वजन राहणार माणसाचं?

लायसन्स काढायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं नाही. तीनदा केला. पहिल्यांदा वळताना हात दाखवायचा म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे हात दाखवला, पण दुसरा हातही सभ्यपणे सोडला. दुसऱ्यांदा समोर ठेवलेल्या पिंपाला त्यांनी आधी जाऊ दिलं, आणि पिंप काही जाईना. तिसऱ्यांदा जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्याशी उभं राहून, आठ नेमका कुठून सुरू होतो असं त्यांनी निरीक्षकांना विचारलं. विचारण्यात काही चूक नव्हती, पण मागे सत्तावीस जण खोळंबले होते. त्यानंतर घरात लायसन्स हा शब्द कुणी उच्चारत नसे.

म्हणून एका शनिवारी दुकानाच्या काचेमागे "लायसन्स नको, नंबर नको" अशी पाटी पाहिल्यावर ग्रंथपाल जागच्या जागी थांबले. आत विक्रेत्याने त्यांना आधी स्कूटरकडेच नेलं.

"काका, तुमच्या वयाला ही शोभेल. बसायचं आणि निघायचं."

"ती पलीकडची?"

"ती इलेक्ट्रिक सायकल. पण ही घ्या तुम्ही."

"दोन्हींत फरक काय?"

"फरक म्हणजे..." विक्रेत्याने दोन्हींकडे आलटून पालटून पाहिलं. "ही स्कूटर आहे. ती सायकल आहे."

"ते समजलं. पण कशावरून?"

"स्कूटर बसून चालवतात ना, काका."

"मग सायकल काय उभ्याने चालवतात?"

विक्रेता मॅनेजरला बोलवायला गेला. मॅनेजर जाणता होता. त्याने सांगितलं की स्कूटरला पायडल नसतं, तिचा कान पिळला की ती पळते. या सायकलला पायडल आहे आणि ते आपण मारायचं. मारलं की मोटर हळूच हातभार लावते, थांबलं की तीही थांबते. म्हणजे चढ आला की कुणीतरी मागून प्रेमाने ढकलतंय असं वाटतं, पण श्रेय आपल्याकडेच राहतं. हे ऐकून ग्रंथपालांनी तिथेच सही केली. श्रेय आपल्याकडे राहील असं काही त्यांनी गेल्या चोवीस वर्षांत चालवलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोटाळा झाला तो ग्रंथपालांच्या पेशामुळे. ज्याचा पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवण्यात जन्म गेला, त्याला बिनआकड्याची वस्तू म्हणजे बेवारशी पोर वाटते. त्यांच्या घरात भांड्यांच्या कपाटावरसुद्धा वर्गांक होते. बाई ते काढून टाकत आणि ग्रंथपाल पुन्हा लावत, पण तो संसाराचा भाग झाला. तर सायकल घरी आली त्याच दिवशी त्यांनी वर्गीकरणाचं जाड पुस्तक उघडलं. सायकलींचा आकडा ६२९.२२७२. मोटरसायकल-स्कूटरचा ६२९.२२७५. फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. हिला मोटर आहे, म्हणून पाच? की पायडल आहे, म्हणून दोन? ग्रंथपाल जेवणाच्या ताटावर बसूनही विचार करत होते. शेवटी त्यांनी दोनच्या बाजूने कौल दिला, पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईने सुरेख अक्षरांत ६२९.२२७२ लिहिलं आणि पट्टी मागच्या मडगार्डवर चिकटवली. वर पारदर्शक टेप मारायलाही ते विसरले नाहीत.

सोमवारी सकाळी ते स्वतःच्या वाहनावरून लायब्ररीत गेले. चढावर मोटरने हातभार लावला. फाटकाशी ते उतरले तेव्हा कुणीही चष्म्याची चौकशी केली नाही. वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे वाचक सवयीने वर पाहत राहिले, आवाज आला नाही म्हणून जरा गडबडले, आणि एकाने तर घड्याळ कानाला लावून पाहिलं. ग्रंथपाल ताठ मानेने आत गेले. चष्मा घरी राहिला होता हे त्यांना अकरा वाजता कळलं, पण त्या दिवशी त्यांना चष्म्याशिवायही सगळं स्वच्छ दिसत होतं.

इमारतीत मात्र लोकांनी डोळे वटारले. इमारतीचे सेक्रेटरी हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. जगात संकट नाही यावर त्यांचा विश्वास नव्हता, ते फक्त अजून आलेलं नाही असं ते मानत. त्यांनी सायकलीला तीन प्रदक्षिणा घातल्या.

"हे काय आहे?"

"सायकल."

"मग सायकल स्टँडला लावा. पण स्टँडला जागा नाही."

"मग तुमच्या स्कूटरच्या रांगेत लावतो."

"म्हणजे स्कूटर आहे ही! पण एका घराला एकच स्कूटर, नियम आहे. तुमच्या घराची एक आहे. वहिनींची."

"म्हणून तर म्हणतोय, ही सायकल आहे."

"सायकल असेल तर स्टँडला लावा ना. जागा नाही, पण लावा."

हा संवाद तीन दिवस चालला. तीन दिवस सायकल पाण्याच्या पंपाच्या खोलीत राहिली. चौथ्या दिवशी पंप दुरुस्तीला माणूस आला, त्याला सायकल अडली, आणि ग्रंथपालांना ती खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढवावी लागली. बावीस किलो वजन! पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर दार उघडून उभे होते. डॉक्टरांकडे तीन महिन्यांपूर्वी घेतलेली चकचकीत इलेक्ट्रिक स्कूटर होती आणि त्या विषयात आपला शब्द शेवटचा असं त्यांचं मत होतं.

"काय हो, वाहनाने माणसाला न्यायचं असतं की माणसाने वाहनाला?" डॉक्टर म्हणाले. "माझ्या स्कूटरला डिकी आहे. तुमच्या या यंत्राला काय आहे?"

"घंटी," ग्रंथपाल धापा टाकत म्हणाले. यापेक्षा बोचरं उत्तर त्यांना रात्री सुचलं, पण तोवर उपयोग नव्हता.

डॉक्टर मनाने वाईट नव्हते. त्यांनी सल्लाही दिला की मोटर काढून टाका, म्हणजे ती निखालस सायकल होईल. सेक्रेटरींनी स्वतंत्रपणे सल्ला दिला की पायडलं काढून टाका, म्हणजे ती निखालस स्कूटर होईल आणि काहीतरी एक ठरेल. दोघांचं ऐकलं असतं तर ग्रंथपालांच्या हाती घंटी तेवढी राहिली असती.

शुक्रवारी खरी वीज पडली. लायब्ररीहून परतताना मोठ्या चौकात वाहतूक पोलिसाने त्यांना शिट्टी मारून बाजूला घेतलं. मागे जाऊन मडगार्ड पाहिलं. वाकून पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून पाहिलं.

"साहेब, हा नंबर कुठला?"

ग्रंथपालांचा चेहरा उजळला. पाच दिवसांत प्रथमच कुणीतरी त्या आकड्याची चौकशी करत होतं. "याची सुरुवात सहाशेपासून. सहाशे म्हणजे उपयोजित शास्त्रं. त्यातलं सहाशे एकोणतीस म्हणजे..."

"मी विचारतोय, दिला कुणी?"

"मीच दिला."

"तुम्ही?"

"हो. गेली एकोणतीस वर्षं मीच देतोय. आत्तापर्यंत चाळीस हजार तरी दिले असतील."

पोलिसाने वही काढली. त्याच्या कारकिर्दीत त्याला असा कबुलीजबाब मिळाला नव्हता. चाळीस हजार बनावट नंबर देणारा माणूस घंटी वाजवत आपणहून समोर यावा! पाऊण तास खुलासा चालला. लायब्ररीचं ओळखपत्र दाखवलं, पट्टी खरवडून झाली, आणि चाळीस हजार ही पुस्तकं होती हे पोलिसाला शेवटी पटलं. एक गोष्ट मात्र पटेना. "मोटर आहे म्हणजे स्कूटर," तो म्हणाला. "मग खरा नंबर कुठाय? लायसन्स कुठाय? वाहन कार्यालयातून लेखी आणा की ही सायकल आहे. दोन आठवडे देतो. नाही आणलंत तर ही स्कूटर. नोंदणी करायची आणि लायसन्स काढायचं."

लायसन्स काढायचं! ग्रंथपालांच्या डोळ्यांसमोर जमिनीवरचा आठ उभा राहिला. लायसन्स मिळणार नाही म्हणजे सायकल जाणार, आणि सायकल गेली की पुन्हा फाटकाशी उतरायचं, चष्म्याचं घर वर धरायचं, तेही एक आठवडा स्वतंत्र राहून झाल्यावर. कधीच न मिळण्यापेक्षा मिळून जाणं वाईट. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. बाईंनी काय झालं विचारलं तर "काही नाही, दात दुखतोय" म्हणाले, आणि ते डॉक्टरांच्या कानावर गेल्याने आणखी एक सल्ला पदरात पडला.

वाहन कार्यालयात चार खिडक्या होत्या. पहिलीने दुसरीकडे पाठवलं, दुसरी जेवायला गेली होती, तिसरीतला माणूस फक्त ट्रकचं बघत असे. चौथीतल्या बाईंनी अर्ज नीट वाचला.

"इंजिन नंबर लिहिलेला नाही."

"इंजिन नाही."

"चासी नंबर?"

"ही सायकल आहे हो, मॅडम. हिची नोंदणी लागत नाही, एवढाच दाखला हवा."

"मिळेल की. पण दाखला कोणत्या वाहनाचा, ते दाखल्यावर लिहावं लागतं. त्याला वाहन क्रमांक लागतो."

"क्रमांक नोंदणी केल्यावर मिळतो ना?"

"हो. म्हणजे आधी नोंदणी करा. मग नोंदणी लागत नाही असा दाखला देते."

दुसरा कोणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. ग्रंथपालांना मात्र क्षणभर त्या बाईंबद्दल आदर वाटला. हरवलेल्या पुस्तकाची तक्रार त्याच पुस्तकासोबत आणून द्यावी असा नियम त्यांनी स्वतः एकदा लायब्ररीत लावला होता आणि तो दोन वर्षं कुणाच्या लक्षात आला नव्हता. ते नमस्कार करून परतले, लायब्ररीच्या तळघरात शिरले, आणि धूळ झटकत त्यांनी राजपत्रांचे गठ्ठे उपसायला सुरुवात केली. आता सामना त्यांच्या घरच्या मैदानावर होता. नियम कुठे लिहिला आहे हे शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

चार दिवसांनी सापडला. एका राजपत्राच्या मागल्या पानावर, उंदराने अर्धवट चाखलेल्या समासाशेजारी. कमी ताकदीची मोटर, बेताचा वेग, चालू पायडल, पायडल थांबताच मोटर थांबणं, आणि बॅटरी नसतानाही केवळ पायांच्या बळावर चालण्याची क्षमता. हे सगळं असलं तर ती सायकल. त्यांनी खुणेची पट्टी घातली, आठ प्रती काढल्या, आणि निरीक्षकांसमोर तपासणीची तारीख मिळवली. तारीख मुदतीच्या शेवटच्या दिवसाची मिळाली.

त्याच दिवशी सकाळी इमारतीत भडका उडाला. पोलिसाचं प्रकरण सेक्रेटरींना कळलं होतं. स्कूटर की सायकल याचा निकाल लागेपर्यंत आपल्यावर जबाबदारी नको म्हणून त्यांनी खालच्या मजल्यावरचं चार्जिंगचं मुख्य बटणच आदल्या संध्याकाळी बंद करून कुलूप लावलं. ग्रंथपालांना त्याचा काहीच त्रास नव्हता. त्यांची बॅटरी सुटी होऊन पिशवीतून वर घरी येत असे. त्रास झाला स्कूटरवाल्यांना, कारण स्कूटरची बॅटरी पोटात पक्की. डॉक्टर पांढरा कोट घालून खाली आले, स्कूटरचा कान पिळला, आणि ती ढिम्म हलली नाही. बाईंनीही गेल्या वर्षी जुनी देऊन विजेचीच स्कूटर घेतली होती, तिचीही तीच गत.

"अहो सेक्रेटरी, माझा पेशंट तोंड उघडून बसलाय!" डॉक्टर ओरडले.

"मिटायला सांगा त्याला," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "आग लागली तर उत्तर कोण देणार?"

"मग निदान ढकलू तरी लागा."

दोघांनी मिळून ती स्कूटर फाटकापर्यंत ढकलली. शंभर किलोच्या वर होती. फाटकाशी डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारून ग्रंथपाल पायडल मारत निघून गेले. त्यांनी घंटी वाजवली. गरज नव्हती, पण वाजवली.

वाहन कार्यालयाच्या मैदानावर त्या दिवशी लायसन्सच्या परीक्षेला चाळीसेक उमेदवार रांगेत उभे होते. निरीक्षक मिशा पांढऱ्या झालेले, पण तेच होते. त्यांनी ग्रंथपालांकडे निरखून पाहिलं.

"तुम्हीच ना ते? आठ कुठून सुरू होतो विचारणारे?"

रांगेतल्या चाळीसही माना वळल्या. ग्रंथपालांना वाटलं, धरणी दुभंगावी. पण धरणीवर डांबर होतं. एवढ्यात मैदानाच्या कडेला त्यांना बाई दिसल्या. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून, बसने, दोन बस बदलून आल्या होत्या.

"तू कशाला आलीस?" ग्रंथपाल खालच्या आवाजात म्हणाले.

"तुमचा दात बघायला," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवस दुखतोय म्हणे. आणि उपासमार मी केली, असं डॉक्टर सगळ्या इमारतीला सांगतायत."

निरीक्षकांनी राजपत्राची प्रत वाचली. दुसरी वाचली, पहिल्यासारखीच आहे का पाहायला. त्यांनी ग्रंथपालांना सायकल चालवायला लावली, मध्येच "थांबा पायडल!" असं ओरडले, आणि मोटर खरोखर थांबली. त्यांनी वेग मोजला, मोटरवरचे आकडे भिंगातून पाहिले. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"केवळ पायांच्या बळावर. बॅटरी काढा."

ग्रंथपालांनी बॅटरी काढली आणि ठेवायची कुठे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. बाईंनी पुढे होऊन ती पदराखाली धरल्यासारखी दोन्ही हातांनी घेतली.

"आता तो चढ चढून दाखवा." निरीक्षकांनी कार्यालयाच्या गच्चीवरच्या वाहनतळाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बोट दाखवलं. वळणावळणाने वर जाणारा, मोटारीसुद्धा कुंथत चढत असा तो रस्ता. "पाय टेकला की स्कूटर. वर पोचलात की सायकल."

"साहेब, पन्नाशी उलटलीय त्यांची," बाई म्हणाल्या.

"मग मोटर ठेवा आणि लायसन्स काढा."

ग्रंथपालांनी पँटच्या पायांना रबर लावले. पुस्तकांच्या गठ्ठ्यांना लावतात तेच, खिशात कायमचे असत. मग निघाले. पहिल्या वळणापर्यंत जोश होता. दुसऱ्या वळणावर मांड्यांनी संप पुकारला. सायकल इतकी सावकाश चालली होती की ती पडत कशी नाही याचं निरीक्षकांनाच नवल वाटलं असावं. हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं झोकांड्या खात होतं. रांगेतले उमेदवार आधी हसले. मग हसायचे थांबले. मग कुणीतरी म्हणालं, "काका, लावा जोर!" आणि बघता बघता चाळीस जण आपापली स्कूटर सोडून चढाच्या पायथ्याशी जमले. खिडकी क्रमांक चारमधल्या बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या.

तिसऱ्या वळणावर सायकल थांबली. खरोखर थांबली. ग्रंथपाल सीटवरून उठून पायडलांवर उभे होते, पायाखाली पायडल हलत नव्हतं, आणि डावा पाय जमिनीकडे निघाला होता. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात फार काही उदात्त आलं नाही. फक्त पायथ्याशी उभी असलेली बायको दिसली, बॅटरी छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून. चोवीस वर्षांत चष्म्यापासून छत्रीपर्यंत सगळं आठवण करून देणारी बाई एक शब्द बोलत नव्हती. तिला बोलावंसं वाटतंय आणि ती बोलत नाही, हे त्यांना एवढ्या वरूनही कळलं. त्यांना एकदम भरून आलं आणि रागही आला, आणि दोन्ही मिळून जे काय झालं ते पायात उतरलं. पाय जमिनीपासून वीतभर अंतरावरून परत आला. पायडल फिरलं. एकदा, दोनदा. मग मागे वळून न पाहता ग्रंथपाल वर पोचले आणि वाहनतळावरच्या एका मोटारीला अलगद टेकून थांबले, कारण ब्रेक दाबायलाही बोटांत जीव उरला नव्हता.

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षेला आलेल्यांपैकी तिघांनी तिथल्या तिथे स्कूटरचा बेत रद्द केला, असं नंतर ग्रंथपाल सांगत. बाई दोनच म्हणतात.

निरीक्षकांनी कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, "सदर वस्तू सायकल आहे." शिक्का मारला. मग जरा घुटमळून म्हणाले, "आज त्या वळणावर ज्या संथ वेगाने पाय न टेकता तोल सांभाळलात, तसा माझ्या तीस वर्षांत कुणी सांभाळला नाही. अर्ज करा, लायसन्स आत्ता देतो."

"नको," ग्रंथपाल म्हणाले. "सायकलला लागत नाही." हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून ते तो चढ पुन्हा चढले असते.

इमारतीला फोन गेला. सेक्रेटरींनी कागदाचा फोटो पाहून बटणाचं कुलूप काढलं आणि सायकल स्टँडवर जागा आहे असंही त्यांना आठवलं. डॉक्टरांचा निरोप आला, तसलीच सायकल कुठे मिळते. ग्रंथपालांनी बॅटरी बसवली, मांड्या चोळल्या, आणि बाईंकडे पाहिलं.

"बसने जाशील?"

"दोन बस बदलाव्या लागतात." बाई कॅरिअरकडे पाहत होत्या. मग दुसरीकडेच पाहत म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, स्कूटरवर मागे कुणी नसतं. हलकी हलकी लागते. मला नाही आवडत."

ग्रंथपालांनी रुमालाने कॅरिअर पुसला. बाई बसल्या. पहिल्या चार पायडलांना सायकल डगमगली, मग मोटरने हातभार लावला, आणि ती वाऱ्यासारखी नव्हे, पण चालत्या माणसापेक्षा निश्चित वेगाने निघाली. आयुष्यात प्रथमच बायको बरोबर असूनही ग्रंथपालांच्या समोर रस्ता होता आणि तिचा खांदा नव्हता. रस्ता चांगला रुंद असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या चौकात शिट्टी वाजली. या वेळी पोलीसबाई होत्या, तरुण, कडक इस्त्रीच्या. ग्रंथपालांनी न सांगता खिशातून शिक्क्याचा कागद काढून पुढे केला. पोलीसबाईंनी तो वाचला.

"सायकल आहे म्हणता?"

"सरकारी शिक्क्यानिशी," ग्रंथपाल छाती काढून म्हणाले.

"मग सायकलवर डबल सीट चालत नाही. स्कूटर असती तर चाललं असतं."

ग्रंथपालांची छाती तशीच पुढे राहिली, पण आतली हवा गेली. एकोणीस दिवस, चार खिडक्या, तळघरातली धूळ आणि तो चढ! पोलीसबाईंनी पावतीपुस्तक उघडलं, पेन झटकलं आणि खाली मान घालून विचारलं, "चालक कोण?"

चोवीस वर्षांच्या सवयीने बाईंचा हात पर्सकडे गेला. पर्सची चेन अर्धी उघडली. मग हात थांबला. बाईंनी चेन पुन्हा लावली, कॅरिअरवरून उतरल्या, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे. हे चालवत होते."

चौकातल्या निदान वीस जणांनी ऐकलं. ग्रंथपालांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावाची फोड करून. दंड त्यांनी इतक्या आनंदाने भरला की पोलीसबाईंनी नोट दोनदा उजेडात धरून पाहिली.

पुढे दोघं चालत निघाले, मध्ये सायकल. ग्रंथपालांच्या एका हातात हँडल होतं आणि दुसऱ्या हातात पावती.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं, "चालक," आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. खाली "मागे बसलेली व्यक्ती," आणि बाईंचं.

पुढच्या कोपऱ्यावर बाईंनी हँडलची दुसरी मूठ धरली आणि म्हणाल्या, "परत वाचा."